पलंगावरची मुलाखत

ऑपरेटरबाईंनी आठ महिन्यांत सात मदतनीस पळवून लावल्या. आठवी पाठवा म्हणून सुनेने फोन केला, तेव्हा एजन्सीच्या मालकिणीने नुसतं "बघते" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच दारात येऊन उभी राहिली.

बाई शहात्तर वर्षांच्या, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज मात्र सहा फुटी. अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. कानाला हेडफोन, समोर तारांचं जंजाळ आणि साऱ्या गावाच्या भानगडी कानावरून जाणाऱ्या. कोण बायकोला "ऑफिसात आहे" असं सांगतो आणि खरं कुठून बोलतो, हे त्यांना पाठ असे. पण त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी बाहेर फोडलं नाही. पुढे तारा गेल्या, एक्स्चेंजच्या इमारतीत कपड्यांचं दुकान आलं, तरी ऑपरेटरबाई हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात बाई आणि सून, दोघीच. सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला. दिवसभर गावाच्या तक्रारी ऐकायची आणि संध्याकाळी उरलेल्या ऐकायला घरी यायची.

मागच्या वर्षी पडद्याची दांडी सरळ करायला बाई स्टुलावर चढल्या. दांडी सरळ झाली, बाई आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दिवसा घरात कुणीतरी हवं म्हणून एजन्सीच्या बायका येऊ लागल्या. जितक्या आल्या तितक्या गेल्या.

पहिलीला 'आपण आपण' करून बोलायची खोड. "चला, आता आपण औषध घेऊ या. आता आपण शू करू या." तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "तू करून ये, मी थांबते." दुसरी फोनवर बोलता बोलता सूप भरवायची, त्यामुळे चमचा कधी हनुवटीवर, कधी नाकाखाली. बाईंनी शांतपणे तिच्या हातातला फोन काढून घेतला, पलीकडच्याला आपल्या जुन्या आवाजात "आपली तीन मिनिटं संपली आहेत" असं सांगितलं आणि बंद केला. तिसरीच्या चहाच्या कपात कवळी सापडली. चौथी, पाचवी आणि सहावी यांच्याबद्दल सून बोलायलाच तयार नव्हती. सातवी जिना उतरताना रडत होती म्हणतात.

मालकीण चाळिशीची, भरल्या अंगाची, घाईघाईने बोलणारी बाई. खुर्चीत बसली आणि तिने थेट विषयाला हात घातला.

"बाई, तुमच्याकडे यायला आता कुणी तयार नाही. मी हात टेकले."

"बरं झालं. म्हणजे डोकं चालवायला मोकळी झालीस."

"तुम्हाला नेमकं काय हवंय ते तरी सांगा. सातही जणींकडे सर्टिफिकेट होतं."

"तिसरीकडेही होतं ना?" बाई म्हणाल्या. "तिच्यावर लक्ष ठेव. माझ्या झोपेच्या गोळ्या पाकिटात चौदा हव्या होत्या, अकरा होत्या. आणि मी तीन दुपारी घोरत होते. मी दुपारी झोपणारी बाई नाही. अडतीस वर्षं दुपारची पाळी केली आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पुरावा नव्हता. म्हणून कवळीवर भागवलं."

मालकिणीने मान हलवली, पण ते मान हलवणं 'म्हाताऱ्या माणसांना काहीही वाटतं' अशा प्रकारचं होतं. ही गोष्ट बाईंच्या नजरेतून सुटली नाही.

पंधरा दिवसांनी मालकीण पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात फळांची पिशवी होती आणि चेहरा उतरला होता. तिसरी बाई दुसऱ्या एका घरी रंगेहाथ सापडली होती. तिथले आजोबा सकाळी दहाला झोपायचे ते थेट संध्याकाळी उठायचे, आणि ही बाई त्या वेळात सोफ्यावर बसून मालिका बघायची. आजोबांच्या मुलीला संशय आला, डॉक्टरला बोलावलं, सगळं उघड झालं. आजोबा सुखरूप होते, पण मालकिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी सगळं तपासून घेते हो," ती म्हणाली. "फॉर्म आहे चार पानांचा. 'तुम्ही प्रामाणिक आहात का?' असा प्रश्नसुद्धा आहे."

"आणि काय उत्तर देतात?"

"सगळेच 'हो' लिहितात."

बाई हसल्या, इतक्या की खुबा दुखला. मग मालकिणीने ज्यासाठी आली होती ते बोलून टाकलं. "बाई, तुम्हीच निवडाल का माझी माणसं?"

सुनेने आतून चहा आणता आणता हे ऐकलं आणि ती दारातच थांबली. तिला वाटलं, आता ह्या बाई मालकिणीलाही पळवणार. पण बाई उशीला टेकून बसल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "निवडते. पण तुझ्या कचेरीत नाही. माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशी. त्यांना सांगायचं की एक तासाचं काम आहे, एक खडूस म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, जमतंय का बघा. बाकी मी बघते."

"पण तुम्ही तर आता वॉकर घेऊन चालता."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

"ही फसवणूक नाही का?"

"मी म्हातारी आहे हे खरं. पडले होते हेही खरं. आणि खडूस आहे हे तर तू गावभर सांगितलं आहेस. आता खोटं काय उरलं?"

सुनेने चहाचा ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला. "आई, माझ्या घराचं परीक्षा केंद्र होणार नाही."

"तुला पण काम आहे त्यात," बाई म्हणाल्या. "वाईट सुनेचं."

सून कप मांडून आत निघून गेली. पण संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाईट म्हणजे किती वाईट?"

कामाला शनिवारी सुरुवात झाली. वॉकर कपाटामागे गेला, घरातल्या चपला पलंगाखाली, बाई रजई हनुवटीपर्यंत ओढून पडल्या. परीक्षा तीन टप्प्यांची होती आणि तिन्ही टप्पे बाईंनी स्वतः ठरवले होते. पहिला टप्पा पाण्याचा. ग्लास हातातून निसटायचा आणि पाणी समोरच्या माणसाच्या पायावर जायचं. दुसरा टप्पा ऐकण्याचा. एक्स्चेंजमध्ये असताना बाईंना एक गोष्ट पक्की कळली होती, की "हं, हं" म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक ऐकतच नसतात. म्हणून त्या एक्स्चेंजची एखादी लांबलचक गोष्ट सुरू करायच्या आणि मध्येच, आवाज जराही न बदलता, म्हणायच्या, "मग लाइनवर हत्ती आला, त्याला मी म्हटलं थांबा जरा." ऐकणारा माणूस इथे अडखळला पाहिजे. तिसरा टप्पा सगळ्यांत अवघड. बाई हळूच सांगायच्या, "मला साखरेचा आजार आहे, पण उशीखाली चॉकलेटं आहेत. सुनेला सांगू नकोस हं." आणि मग सून आत येऊन विचारायची, "काही खाल्लं का ह्यांनी?"

पहिल्या शनिवारी आलेली बाई प्लास्टिकच्या फाइलमध्ये अकरा प्रमाणपत्रं घेऊन आली. पाणी पायावर सांडल्यावर तिने आधी फाइल वर उचलली. हत्ती आला तेव्हा ती म्हणाली, "हो का? छान." चॉकलेटांबद्दल सुनेने विचारताच तिने उशी उचलून डबा काढला आणि विजयी चेहऱ्याने पुढे केला. ती गेल्यावर बाईंनी वहीत लिहिलं, 'फाइलची काळजी उत्तम घेते.'

दुसरी मुलगी पाणी सांडल्यावरच रडायला लागली, कारण तिला वाटलं ते तिच्यामुळे सांडलं. बाईंना तिला पंधरा मिनिटं समजवावं लागलं. शेवटी तिला चॉकलेट देऊन शांत केलं.

या काळात सूनही रंगात आली होती. कमरेवर हात ठेवून ती आत यायची आणि म्हणायची, "पडून राहायला काय लागतं? इथे मरमर आम्ही करायची." तिसऱ्या शनिवारी तिने त्यात "हिच्यापेक्षा एखादं कुंडीतलं झाड परवडलं" हे वाक्य स्वतःचं घातलं. उमेदवार गेल्यावर बाई म्हणाल्या, "इतकं खरं वाटायची गरज नव्हती."

"मला वाटलं, तुम्हाला अभिनय आवडेल," सून म्हणाली आणि कधी नव्हे ती गाणं गुणगुणत स्वयंपाकघरात गेली.

मग सामानवाला आला. पन्नाशीचा, दारात मावणार नाही एवढा माणूस. वीस वर्षं घरं हलवायच्या कामात होता. कपाटं, आरसे, पियानो पाठीवर घेऊन जिने उतरला होता. गुडघा बोलायला लागला म्हणून नवीन काम शोधत होता. बाईंनी त्याला बघताच तोंड फिरवलं. पुरुष माणूस हे काम करणार? मालकीण आधीच म्हणाली होती की बऱ्याच आजोबांना उचलायला पुरुषच लागतात, पण बाईंच्या गळी ते उतरलं नव्हतं. त्यांनी मुद्दाम पाण्याचा अख्खा तांब्या उलटा केला.

सामानवाल्याने ओल्या चपला काढल्या, दाराबाहेर ठेवल्या, परत आला आणि फडकं शोधायला लागला. "मावशी, आधी तुमच्याकडचं पुसतो. माझे पाय काय, वाळतील." गादीची कड ओली झाली होती. "जरा वर घेतो हां तुम्हाला," असं म्हणून त्याने हात घातले, एक क्षण थांबला, बाईंचा श्वास आत गेला आणि बाहेर आला, तेव्हा उचललं. बाईंना कळलंसुद्धा नाही की त्या उचलल्या गेल्या आहेत.

"थांबलास का मध्ये?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे. आरसा उचलतानापण थांबतो. घाईत उचललेली वस्तू घाबरते."

"मी वस्तू आहे?"

"नाही मावशी. आरसा तुमच्याइतकं बोलत नाही."

बाईंनी हसू गिळलं आणि गोष्ट सुरू केली. हत्ती आला. सामानवाला गादी कोरडी करता करता थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "कुठून बोलत होता तो? लांबून असेल तर महागात पडलं असेल त्याला." चॉकलेटांचं गुपित सांगितल्यावर त्याने डोकं खाजवलं. "मावशी, मला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. तुम्हीच सांगा सूनबाईंना, मी इथेच उभा राहतो, म्हणजे त्या ओरडल्या तर दोघांना मिळून ओरडतील." त्या दिवशी वहीत फक्त एक शब्द लिहिला गेला, 'घे', आणि त्याच्याखाली बाईंनी दोनदा रेघ ओढली.

पण गुपित फार दिवस टिकलं नाही. नाकारलेल्या बायका जिन्यात, बसथांब्यावर एकमेकींना भेटत होत्या. पाचव्या शनिवारी एक उमेदवार आली ती पावसाळी बूट घालून. बाईंनी गोष्ट सुरू केली आणि अजून एक्स्चेंजच्या दारातही पोचल्या नव्हत्या, तोच ती ओरडली, "हत्ती? कसला हत्ती?" तिच्यामागून आलेलीने तर सरळच विचारलं, "आजी, मला लवकर जायचंय. हत्ती साधारण किती वाजता येतो?"

मालकीण डोक्याला हात लावून बसली. बाई मात्र खूश होत्या. त्यांनी हत्ती काढून टाकला आणि त्या जागी आपल्या नवऱ्याची दोन वेगवेगळी लग्नं लावून दिली. कुणी जरा लक्ष देऊन ऐकलं तर विचारेल, की बाई, तुम्ही नेमक्या कितव्या? अशी विचारणारी दोन माणसं पुढच्या महिन्यात मिळाली. दोघींनाही काम मिळालं आणि दोघींच्या घरांकडून अजून एकही तक्रार आलेली नव्हती. बाईंचा भाव वधारला. मालकीण आता त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकेना. बाई दिवसदिवस पलंगावर पडून असायच्या. शनिवारी उमेदवार यायचे म्हणून पडायच्या आणि इतर दिवशी नवीन परीक्षा सुचायला आडवंच बरं पडतं म्हणून पडायच्या. न्हाणीघरापर्यंतची चार पावलं भिंत धरून भागायची, त्यामुळे वॉकर कपाटामागेच राहू लागला. सूनही कामाच्या रगाड्यात होती, तिच्याही ते ध्यानात आलं नाही.

अशात एका शनिवारी ती बाई आली. पस्तिशीची, हडकुळी, केस घट्ट बांधलेले. नमस्कार केला आणि गप्प. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, मोजकी.

पाणी सांडलं. मोजकीने पुसलं. एक शब्द नाही. बाईंनी गोष्ट सांगितली, नवऱ्याची दोन्ही लग्नं लागली. मोजकी ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता, कारण ती खोली बघत होती. खिडकी, घंटा, पलंगाची उंची, कपाट. मग तिने विचारलं, "पाय बघू?"

"पायाला काय झालंय?"

"तेच बघते."

तिने रजई बाजूला केली, डाव्या टाचेखाली हात घातला आणि अंगठ्याने दाबलं. बराच वेळ ती टाचेकडेच बघत राहिली. "दुखतं?"

"छे."

"दुखायला हवं होतं," मोजकी म्हणाली. तिने एक उशी घेतली आणि पोटरीखाली अशी सरकवली की टाच गादीला टेकेना. मग उठली, कपाटामागे वाकून बघितलं आणि वॉकर बाहेर ओढला. त्याच्यावर धूळ होती. तिने बोटाने एक रेघ ओढून बघितली.

बाईंनी घाईघाईने तिसरा टप्पा सुरू केला. "हे बघ, उशीखाली चॉकलेटं आहेत, सुनेला सांगू..."

"सांगणार," मोजकी म्हणाली.

सून कमरेवर हात ठेवून आत आली, तोंडात कुंडीतल्या झाडाचं वाक्य तयार होतं, पण मोजकीने तिला बोलूच दिलं नाही. "ताई, उशीखाली चॉकलेटं आहेत. त्यांच्या टाचेची कातडी लाल झाली आहे. दाबल्यावर पांढरी पडायला हवी, पडत नाही. जखम व्हायच्या बेतात आहे. आणि यांना चालता येतं. कपाटामागे वॉकर आहे, त्याचे रबर झिजलेत, म्हणजे चालत होत्या. आता महिनाभर तरी चालल्या नाहीत." मग ती बाईंकडे वळली. "आजी, तुम्ही आजारी नाही. पण अशा पडून राहिलात तर व्हाल. नाटक कशासाठी चाललंय मला माहीत नाही. मला त्याच्याशी घेणं नाही."

बाईंच्या उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी प्रयत्न केला त्यांची लाइन त्यांनी वेळीच तोडली होती. मोजकी नमस्कार करून निघून गेली. बाईंनी वही ओढली आणि लिहिलं, 'नापास. जीभ तिखट. रुग्णाबद्दल आदर नाही.'

"आई," सून म्हणाली. तिचा आवाज वेगळा होता. "पाय दाखवा."

"काही झालेलं नाही."

"पाय दाखवा म्हणते ना!"

हा अभिनय नव्हता. बाईंनी पाय पुढे केला. सुनेने दाबून बघितलं आणि मटकन पलंगावर बसली. "रोज मी याच खोलीत येत होते," ती म्हणाली. "दर शनिवारी ती वाक्यं बोलत होते आणि तुमच्या पायाकडे एकदाही बघितलं नाही." तिचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. दोघींना याची सवय नव्हती, त्यामुळे हात जरा अवघडून तिथे राहिला.

दुपारी बाईंनी उठायचं ठरवलं. वॉकर धरला आणि उभ्या राहिल्या. दोन महिन्यांपूर्वी त्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन चोरून बिस्कीट खाऊन परत यायच्या. आता दारापर्यंत जाताना घाम फुटला. परत येऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि खूप वेळ वहीकडे बघत बसल्या. मग मालकिणीला फोन लावला.

"ती सकाळची, हडकुळी. तिचा नंबर दे."

"पण तुम्ही तर नापास कळवलं होतंत. मी तिला सांगूनही टाकलं. ती धुलाईच्या दुकानात इस्त्रीच्या कामाला लागणार आहे म्हणे."

"नंबर दे म्हटलं ना."

मोजकीने फोन उचलला तो पाचव्या घंटेला. बाईंनी अडतीस वर्षं लाखो माणसांची बोलणी जोडून दिली होती, पण स्वतःचं बोलणं सुरू कसं करायचं, ते त्यांना सुचेना.

"मी ती खडूस म्हातारी," शेवटी त्या म्हणाल्या.

"कळलं. टाच कशी आहे?"

"उशीवर आहे. ऐक, माझं चुकलं. परीक्षा तुझी घेत होते, पण खरं तर..." बाई थांबल्या. "तुला कुणी शिकवलं हे?"

"माझ्या सासऱ्यांची टाच," मोजकी म्हणाली. "कुणी बघितली नाही. मीही नाही. पुढे चार महिने जखम भरत नव्हती. तेव्हापासून मी आधी टाच बघते, मग तोंड."

बाईंनी तिला कामावर यायची विनंती केली. विनंती हा शब्द त्यांनी वापरला, सुनेने तो स्वतःच्या कानांनी ऐकला आणि संध्याकाळी जहाजावर नवऱ्याला फोन करून सांगितला. त्याचा विश्वास बसला नाही.

मोजकी आली, पण एका अटीवर. "तुमच्या परीक्षा चालू ठेवा. पण पलंगावर नाही. चालत."

तेव्हापासून मुलाखती बाहेरच्या लांब व्हरांड्यात होऊ लागल्या. बाई वॉकर घेऊन चालायच्या, उमेदवार शेजारून. चालताना कळतं, कोण बाईंच्या पुढे जातो, कोण घड्याळाकडे बघत मागे रेंगाळतो, आणि कोण त्यांच्या पावलाला पाऊल जुळवतो पण तसं दाखवत नाही. कुणाला सांगावं लागत नाही की उंबऱ्याशी थांब, आणि कुणी उंबऱ्याशीच बाईंना ओढतो. मोजकी व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची घेऊन बसायची आणि फेऱ्या मोजायची. बाईंनी कंटाळा केला की ती फक्त बोट वर करायची, एक राहिली. बाई तिला जल्लाद म्हणायच्या. टाच तीन आठवड्यांत पूर्ववत झाली. चॉकलेटांचा डबा मोजकीकडे गेला आणि रविवारी एक, तेही डॉक्टरला विचारून, असा मिळू लागला. बाईंनी डॉक्टरला फितवायचा प्रयत्न केला, पण मोजकीने त्याला आधीच फोन केलेला होता.

मालकिणीचा चार पानांचा फॉर्म एका पानाचा झाला. सामानवाला एका निवृत्त न्यायाधीशांकडे होता. ते न्यायाधीश त्याला दर सकाळी शिक्षा सुनावायचे आणि तो दर सकाळी वरच्या कोर्टात जायची धमकी द्यायचा, अशी त्यांची मजा चालली होती. नोंदलेल्या माणसांची संख्या बावीसवर गेली. मग एका सकाळी एक मदतनीस तापाने फणफणली, बदलीला कुणीच मोकळं नव्हतं आणि मालकीण रडवेल्या आवाजात बाईंना फोन करत होती.

"सगळ्यांना विचारलं. कुणीच नाही हो."

"एक माणूस आहे," बाई म्हणाल्या. "अजून परीक्षा दिलेली नाही, पण तब्येतीने धडधाकट आहे. लगेच निघू शकते."

"कोण?"

"तू."

मालकिणीने नऊ वर्षं एजन्सी चालवली होती, पण एक दिवससुद्धा कुणाच्या उशाशी काढला नव्हता. तिने तीन सबबी सांगितल्या. बाईंनी तिन्ही ऐकून घेतल्या आणि पत्ता पुन्हा सांगितला. ज्या आजी तिच्या वाट्याला आल्या त्या ऐकायला कमी आणि बोलायला जास्त होत्या.

संध्याकाळी सहाला मालकीण बाईंच्या व्हरांड्यात आली. अंबाडा सुटलेला, ब्लाउजच्या खांद्यावर सुपाचा डाग, एका हाताला बाम लावलेला. ती खुर्चीत कोसळली. सुनेने न विचारता पाणी आणून दिलं.

"कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी मला चार वेळा नोकरीवरून काढलं," मालकीण म्हणाली. "पाचव्यांदा काढायच्या आधी झोप लागली. झोपेत माझा हात धरला होता. सोडवून घेता येईना, म्हणून दीड तास तशीच वाकून बसले. कंबर गेली माझी."

मोजकीने व्हरांड्याच्या टोकावरून त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "टाच बघितली?"

मालकिणीने तिच्याकडे बघितलं. "दोन्ही," ती म्हणाली.

बाईंनी वही मागवली, चष्मा लावला आणि मालकिणीला विचारलं, "उद्या जाशील?"

"त्यांनी सकाळी आठला बोलावलंय," मालकीण म्हणाली आणि हाताला बाम चोळत राहिली. "उशीर झाला तर सहाव्यांदा काढतील."